तीन पदरी नाव आणि विमानतळावरची रांग

बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाचे नाव हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जन्मनोंदणीत ते एका क्रमाने असते, शाळेच्या दाखल्यात दुसऱ्या क्रमाने. शिधापत्रिकेवर त्याला ‘भाई’ चिकटलेले असते, पदवीच्या प्रमाणपत्रावर ते गळून पडलेले असते. घरातल्या माउलीचे नाव तर माहेरचे, सासरचे, ‘बेन’ लागलेले आणि ‘बाई’ लागलेले अशा चार रूपांत चार फायलींत पडून असते. आजवर त्यावाचून आपले फारसे काही अडले नाही. बँकेतला कारकून ओळखीचा, पोस्टमन ओळखीचा, कचेरीतल्या साहेबांचे वडील आपले पेशंट. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा समोर कोण उभे आहे हे पाहण्याची रीत होती. पुढे मुले परदेशी गेली, वर्षाआड आपणही त्यांच्याकडे जाऊ लागलो, आणि आपले नाव अशा एका यंत्रणेसमोर जाऊन उभे राहिले की जिच्या ओळखीचे आपल्यात कोणीच नाही.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, गुडघ्याचे सांधे हे विषय शोभतात. विमानतळावरील तपासणीच्या रांगेचे येथे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी निम्म्याअधिक घरांतून कोणी ना कोणी अमेरिकेत आहे हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून ते लेखाच्या उत्तरार्धात येईल. ते वाचून काही प्रसूतितज्ज्ञ मित्र माझ्यावर रागावतील, याचीही मला कल्पना आहे.

प्रथम ही यंत्रणा काय आहे ते पाहू. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत संशयितांच्या याद्या तयार झाल्या, आणि प्रवाशाचे नाव त्या यादीशी ताडून पाहण्याचे काम सुरुवातीला विमान कंपन्यांकडेच होते. प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी. परिणाम काय झाला याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सिनेटर एडवर्ड केनेडी. यादीत ‘टी. केनेडी’ असे एक नाव होते, आणि ‘टेड’ या नावाने साऱ्या देशाला ठाऊक असलेल्या या गृहस्थांना २००४ साली विमानतळावर पुनःपुन्हा अडविण्यात आले. त्यांनी स्वतःच ही हकीकत सिनेटच्या समितीपुढे सांगितली. अध्यक्षांच्या भावाची ही गत, तर इतरांची काय कथा! पुढे हे काम सरकारने आपल्याकडे घेतले. ‘सिक्युअर फ्लाइट’ नावाची योजना २००९ मध्ये सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीस ती पूर्णपणे अमलात आली. आता विमान कंपनी प्रवाशाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि स्त्री-पुरुष ही नोंद उड्डाणाच्या ७२ तास आधीपासून सरकारकडे पाठविते, आणि तेथून उत्तर आल्यावाचून बोर्डिंग पास छापला जात नाही.

याच यंत्रणेच्या पोटातून २०११ साली ‘टीएसए प्रीचेक’ निघाले. ज्यांची आगाऊ चौकशी झाली आहे, बोटांचे ठसे घेतले गेले आहेत, अशा प्रवाशांना एक क्रमांक मिळतो. तिकीट काढताना तो दिला की बोर्डिंग पासवर तशी खूण येते आणि प्रवासी निराळ्या, आखूड रांगेतून जातो. पट्टा व हलके जाकीट काढावे लागत नाही, लॅपटॉप व द्रवपदार्थांची पिशवी बाहेर काढावी लागत नाही. (बूट न काढण्याची सवलत पूर्वी यातच मोडे, जुलै २०२५ पासून ती सर्वांनाच मिळाली.) प्रीचेक थेट मिळते ते अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांना, म्हणजे ज्यांना आपण ग्रीन कार्डवाले म्हणतो त्यांना. परंतु भारतीय नागरिकांना २०१७ पासून ‘ग्लोबल एन्ट्री’ या योजनेत सामील होता येते, आणि त्या सभासदत्वाबरोबर प्रीचेकची रांगही खुली होते. दोहोंची मुदत ५ वर्षांची.

आता मेख अशी की, तिकिटावरचे नाव, जन्मतारीख आणि तो क्रमांक ही तिन्ही अर्जातील नोंदीशी तंतोतंत जुळली पाहिजेत. साध्या ओळखपत्राच्या तपासणीत थोडी सैल बाजू आहे. मधल्या नावाऐवजी त्याचे आद्याक्षर असले, किंवा ते मुळीच नसले, तरी सहसा अडचण येत नाही, असे ते खातेच सांगते. क्रमांकाच्या बाबतीत मात्र ही सूट नाही. जुळले नाही तर कोणी रागावत नाही, कोणी अडवीत नाही, काही कळवीतही नाही. फक्त खूण येत नाही. आणि न आलेल्या खुणेचे कारण शोधणे किती अवघड असते, हे निदान करणाऱ्यांना मी सांगायला नको.

माझ्या एका वर्गभगिनीचे उदाहरण सांगतो. भूलतज्ज्ञ म्हणून येथेच तिने हयात घालविली, आता मुलीजवळ न्यू जर्सीत असते. लग्नात तिचे नाव बदलले, आडनाव बदलले, वडिलांच्या जागी यजमान आले. म्हणजे तीन पदरांतला एकही पदर जुना राहिला नाही. पदवी जुन्या नावाने, पासपोर्ट नव्या नावाने. मुलीने हौसेने प्रीचेकचा अर्ज भरला, तो पासपोर्टप्रमाणे. पण विमान कंपनीतील नियमित प्रवाशाचे खाते त्याआधी कधीतरी उघडलेले होते, आणि त्यात यजमानांचे मधले नाव घातलेले नव्हते. प्रत्येक तिकीट त्या खात्यातून नाव उचलीत असे. जवळजवळ दोन वर्षे बाई पैसे भरून मिळविलेला क्रमांक असूनही लांबच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यातल्या एका खेपेस रांगेपायी पुढचे विमान चुकले आणि एकाहत्तराव्या वर्षी, दोन्ही गुडघे बदललेल्या अवस्थेत, त्यांनी रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढली. कंपनीला विचारले तर निर्णय सरकारी यंत्रणेचा. सरकारी खिडकीवर विचारले तर कंपनीने माहिती पाठविली नसेल. शेवटी जावयाने दोन कागद शेजारी ठेवून अक्षरे ताडली आणि पाच मिनिटांत खात्यातील नाव पुरे केले. पुढच्याच प्रवासात खूण आली.

येथे वैद्यकीय तळटीप जोडतो, कारण ती तिच्याच अनुभवाची आहे. प्रीचेकच्या रांगेत बहुधा साधी धातुशोधक चौकट असते आणि कृत्रिम गुडघा तिच्यातून मुकाट्याने जात नाही. चौकट वाजली की शरीर-स्कॅनरकडे किंवा हाताने होणाऱ्या तपासणीकडे पाठवितात. म्हणून गुडघे बदललेल्या रुग्णाने चौकटीत पाऊल टाकण्यापूर्वीच ‘माझ्या शरीरात धातूचा सांधा आहे’ असे सांगून स्कॅनर मागावा. पेसमेकर असणाऱ्याने आपले कार्ड हाती ठेवून आधीच कल्पना द्यावी. आखूड रांग म्हणजे तपासणीतून सुटका, असा समज करून घेऊन कोणी जाऊ नये.

तर मूळ प्रश्न: आपलीच नावे इतकी का अडखळतात? पासपोर्टवर रकाने दोन, आडनाव आणि दिलेले नाव. अमेरिकी अर्जात रकाने तीन, पहिले, मधले आणि शेवटचे. समजा, केशव माधव काळे असे नाव आहे. पासपोर्टवर ‘काळे’ एका रकान्यात आणि ‘केशव माधव’ दुसऱ्यात. पानाच्या तळाशी यंत्राने वाचावयाच्या ज्या दोन ओळी असतात त्यांत आडनाव, मग दोन कोनचिन्हे, मग केशव, एक कोनचिन्ह, माधव असे छापलेले असते. केशव हे पहिले नाव आणि माधव हे मधले, असा भेद त्या ओळीत नाहीच. मग एका अर्जात माधव मधल्या रकान्यात जातो, दुसऱ्यात ‘केशवमाधव’ असा जोडशब्द होतो, तिसऱ्यात माधवाला जागाच मिळत नाही. यातला कोणताही प्रकार चूक नाही. निरनिराळे असणे हीच चूक.

त्यात आपण बडोदेकर. गुजरातच्या दफ्तरी नाव आडनावापासून सुरू होते: काळे केशव माधव. येथे त्याचा अर्थ सर्वांना कळतो. हाच दाखला साता समुद्रापार गेला की तेथील कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि आपले गृहस्थ ‘मिस्टर माधव’ होऊन बसतात. स्वतःच्या वडिलांच्या नावाने हाक मारली जाते हा योग एरवी दुर्मीळच! आदराने लावलेले ‘भाई’ आणि ‘बेन’ हे कागदावर आदर राहत नाहीत, ती अक्षरे होतात. आणि लिप्यंतराची गंमत निराळीच. ‘ज्ञ’ हे अक्षर मराठी माणूस रोमन लिपीत डी-एन-वाय असे लिहितो, गुजराती जी-एन, हिंदी जी-वाय. एकाच ज्ञानेश्वराची तीन माणसे होतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या नातलगांची तिसरी, पुण्या-मुंबईच्या आप्तांची पहिली, आणि आपण दुसरी व पहिली यांच्यामध्ये लोंबकळत. गायकवाड हे आडनाव तर ज्या नगरीत राज्य करून गेले, तेथेच ते निदान तीन प्रकारांनी लिहिलेले पाहावयास मिळते. खुद्द आपल्या गावाचे रोमन नाव १९७४ साली बदलले. तेव्हा वयस्कर मंडळींच्या एका कागदावर जन्मस्थान ‘बरोडा’ आणि दुसऱ्यावर ‘वडोदरा’ असते, आणि परदेशी अधिकाऱ्याला ती दोन गावे वाटली तर त्याला दोष तरी काय द्यावा!

ज्यांच्या जुन्या पासपोर्टमध्ये आडनावाचा रकानाच कोरा राहिला, त्यांची कथा आणखी बिकट. अमेरिकी व्हिसावर अशा माणसाचे सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफ-एन-यू’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, अशी तीन अक्षरे येतात. ती अक्षरे मग वाहनपरवान्यावर, बँकेत, विम्याच्या कार्डावर उतरतात. संयुक्त अरब अमिरातीने तर २१ नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व भेटीच्या व्हिसावर प्रवेश देणे थांबविले. दुबईमार्गे जाणाऱ्या आपल्या मंडळींनी याची जरूर नोंद घ्यावी.

यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ऐकू येतात, आणि दोन्ही मला मान्य नाहीत. पहिली संतापाची: ‘हे कोण आमच्या नावाची परीक्षा घेणारे?’ मी अशा मित्रांना रक्तपेढीची आठवण करून देतो. नमुन्याच्या बाटलीवर एक नाव आणि मागणीपत्रावर दुसरे असेल तर रक्तपेढी तो नमुना परत पाठविते. त्या वेळी तेथील तंत्रज्ञ ‘नावात थोडा फरक आहे, पण पेशंट तोच दिसतो’ असे म्हणाला तर आपण त्याला कामावर ठेवू का? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी जे नऊ उपाय सांगितले त्यांतील पहिला होता दिसण्यात व उच्चारात सारख्या असलेल्या औषधांच्या नावांविषयी आणि दुसरा रुग्णाची ओळख पटविण्याविषयी. वॉर्डात दोन पाटील असताना काय होऊ शकते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नाव जुळविणे हा अपमान असता तर आपण रोज सकाळी राउंडवर रुग्णांचा अपमानच करीत आलो असे म्हणावे लागेल.

अर्थात या तुलनेला मर्यादा आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रक्तपेढी कोणाही रुग्णाला संशयित मानीत नाही. येथे मुळात एक गुप्त यादी आहे आणि तिच्यातील नावाशी आपले नाव मिळतेजुळते असण्याचे प्रायश्चित्त निरपराध माणसाला घ्यावे लागते. हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. २००९ साली न्यूअर्कच्या विमानतळावर शाहरुख खान यांना थांबवून ठेवले गेले. पुढेही त्यांच्या वाट्याला असे प्रसंग आले. इतक्या प्रसिद्ध माणसाची ही स्थिती, तर त्याच आडनावाच्या सामान्य प्रवाशाची काय होत असेल याचा विचार आपण, ज्यांना असा त्रास क्वचित होतो, त्यांनीही करावा. चुकीने अडविल्या जाणाऱ्यांसाठी २००७ पासून तक्रारनिवारणाची एक खिडकी आहे. तेथे अर्ज केल्यास एक निवारण क्रमांक मिळतो आणि तो प्रत्येक तिकिटात घालता येतो. आपल्या ओळखीत कोणाला वारंवार थांबविले जात असेल तर त्याला ही वाट दाखवावी.

दुसरी प्रतिक्रिया शरणागतीची, आणि तिचा मला अधिक राग येतो. ‘मधले नाव काढूनच टाका, दोनच शब्द ठेवा, कटकट नको,’ असा सल्ला मुले आईवडिलांना देतात. काही एजंटही देतात. हा सल्ला व्यवहारातही खोटा आहे. सुरेश पाटील नावाचे गृहस्थ जगात किती असतील? सुरेश दत्तात्रय पाटील त्यामानाने थोडे. पूर्ण नाव आणि जन्मतारीख मागण्यामागे सरकारचा हेतूच हा होता की, सारख्या नावांमुळे होणारा घोटाळा कमी व्हावा. म्हणजे वडिलांचे वा यजमानांचे नाव मध्ये बाळगण्याची आपली जुनी रीत या नव्या काळात ओझे नसून संरक्षण आहे, मात्र ती सर्वत्र एकसारखी लिहिली पाहिजे. शिवाय सत्तरीच्या माणसाने पेन्शन, फ्लॅट, मुदत ठेवी, मृत्युपत्र हे सारे ज्या नावाने केले ते नाव एका रांगेच्या सोयीसाठी कापून टाकणे म्हणजे करंगळीच्या दुखण्यावर मनगट काढण्यासारखे आहे.

या संदर्भात महाराष्ट्र शासनाच्या एका निर्णयाचा उल्लेख करावासा वाटतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात, शासकीय कागदपत्रांवर, स्वतःच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम त्यांनी ठरविला. निर्णय न्याय्य आहे, आईचे नाव मागे राहण्याचे काही कारण नव्हते. तो आपल्या राज्यास लागू नाही, तरी आपली अर्धी सोयरीक तिकडे असल्याने त्याचे परिणाम आपल्या घरांत येणारच. पासपोर्टच्या यंत्रवाचनीय ओळीत नावासाठी ३९ घरे असतात. सहस्रबुद्धे हे आडनाव, ज्ञानेश्वरी हे नाव आणि आई शकुंतला असेल, तर मधली कोनचिन्हे धरून ३८ घरे तेथेच भरतात. वडिलांसाठी उरते एक घर. शतकानुशतके आईला जागा नव्हती, आता बापाला नाही, असा हा काव्यगत न्याय म्हणावा काय? विनोद सोडला तर, अशा मुलांच्या आईबापांनी पहिला पासपोर्ट काढतानाच कोणते नाव कोणत्या रकान्यात हे पक्के ठरविले पाहिजे.

उपाय म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पासपोर्ट हा मूळ कागद मानावा आणि बाकी सारे त्याच्यामागे आणावे. तिकीट, विमान कंपनीतील खाते, प्रीचेक वा ग्लोबल एन्ट्रीचा अर्ज, तेथील वाहनपरवाना, सगळे पासपोर्टवरून अक्षर पाहून भरावे, आठवणीवरून नव्हे. पासपोर्टवरच नाव चुकले असेल तर मात्र आधी तो दुरुस्त करून घ्यावा आणि मग पुढचे पाऊल टाकावे. चुकीच्या नावाला जुळविण्यासाठी इतर कागद चुकीचे करीत सुटू नये. प्रीचेकच्या नोंदीतले नाव बदलायचे असल्यास ज्या संस्थेमार्फत नोंदणी केली तिच्याशी संपर्क साधावा लागतो. नाव बदलल्यावर जुन्या तिकिटांकडेही पाहावे, कारण आधी काढलेली तिकिटे आपोआप दुरुस्त होत नाहीत. आधार कार्डावरील नाव जन्मभरात दोनदाच बदलता येते, तेव्हा ती संधी ‘भाई’ घालण्यात आणि पुढच्या वर्षी काढण्यात खर्च करू नये.

आपल्या ‘डॉ.’ विषयी दोन शब्द. तिकीट काढताना उपाधीची यादी उघडली की आपले बोट तिकडे वळते, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. यादीतून निवडले तर बहुधा बिघडत नाही. पण काही हौशी मंडळी ती अक्षरे नावाच्या रकान्यातच लिहितात आणि मग ती नावाचा भाग होतात. पासपोर्टवर उपाधी नसते. तेव्हा विमानात ती घरी ठेवून जावे. हवाईसुंदरीने ‘कोणी डॉक्टर आहेत का’ असे विचारल्यावर हात वर करायला बोर्डिंग पासची गरज लागत नाही.

आपल्या देशातही आता हाच मार्ग सुरू झाला आहे. वारंवार परदेशी जाणारे भारतीय आणि ओसीआय कार्डधारक यांच्यासाठी इमिग्रेशनच्या जलद फाटकांची योजना २२ जून २०२४ रोजी दिल्लीत सुरू झाली आणि १६ जानेवारी २०२५ पासून मुंबई, अहमदाबाद यांसह आणखी सात विमानतळांवर आली. आपल्याला सोयीचे विमानतळ हेच दोन. ही सवलत इमिग्रेशनपुरती आहे, सुरक्षा तपासणी नेहमीप्रमाणे होते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे निराशा होणार नाही.

आता ते महत्त्वाचे कारण. नावाची पहिली रोमन अक्षरे कोण लिहिते? आपण लिहितो. आपल्या प्रसूतिगृहात, रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हातून, आईबापांच्या नावांचे जे स्पेलिंग जन्माच्या अर्जात उतरते, ते त्या बालकाला आयुष्यभर पुरते. पूर्वी ते चुकले तरी शाळेच्या दाखल्याने सावरून घेता येई. आता तो आधार गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा ठरला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पासपोर्टच्या नियमांतही तसा बदल झाला. म्हणजे आजच्या अर्जातला एक जादा ‘एच’ किंवा आईचे माहेरचे-सासरचे अर्धवट मिसळलेले नाव वीस वर्षांनी एखाद्या मुलीच्या व्हिसाच्या मुलाखतीत पुढे येणार. आपण शिशूच्या मनगटावरची पट्टी दोनदा तपासतो. त्याच्या जन्माचा अर्ज मात्र न वाचता सही करतो. अनेक प्रसूतिगृहांत तो अर्ज आईबापांना दाखविलाही जात नाही, हे मी पाहत आलो आहे, आणि कामाची गर्दी हे त्याचे समर्थन मला पुरेसे वाटत नाही. बालकाचे नाव नोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. तेव्हा घाईने ‘बेबी ऑफ’ असे काहीतरी लिहून नेण्याचीही गरज नाही.

प्रवासासाठी आपण जी पत्रे देतो त्यांचेही तेच. ‘श्रीमती ताईसाहेब यांना इन्सुलिन सोबत ठेवणे आवश्यक आहे’ असे प्रमाणपत्र मी माझ्या डोळ्यांनी वाचले आहे. ताईसाहेबांना सारी मांडवी ओळखत असेल. तपासणी करणारा ओळखत नाही. १०० मिलिलिटरपेक्षा अधिक असलेले द्रव औषध सांगून नेता येते. परंतु बाटलीवरचे, चिठ्ठीवरचे आणि पासपोर्टवरचे नाव एक असेल तर तो संवाद अर्ध्या मिनिटात संपतो. प्रवासाचे प्रमाणपत्र मागणाऱ्या रुग्णाला ‘पासपोर्ट घेऊन या’ असे सांगणे हा आपल्या स्वागतकक्षाचा नियम व्हावा.

स्त्री-डॉक्टरांसाठी हा प्रश्न रांगेपलीकडचा आहे. पदवी व वैद्यक परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, अशा स्थितीत परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या मुलींना दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा कायदेशीर पुरावा द्यावा लागतो. लग्नानंतर नाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही. ज्या मुलीने साडेपाच वर्षे खपून एका नावाने पदवी मिळविली तिने ते नाव ठेवावे, आणि सासरच्या मंडळींनी तांदळात कोरायचे नाव हौसेपुरते ताटातच ठेवावे, असे माझे मत आहे. बदलायचेच असेल तर परिषद, पासपोर्ट, आधार आणि पॅन हे चारही एकाच वर्षात बदलून मोकळे व्हावे.

मंडळापुढे एक सूचना ठेवतो. उन्हाळ्यात आपल्या सभागृहात एका रविवारी सकाळी चार टेबले मांडावीत. परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी पासपोर्ट, आधार, तिकीट आणि असल्यास प्रवासी क्रमांकाचे पत्र घेऊन यावे. आपल्या मुलांपैकी जी संगणकावर बसलेली असतात त्यांनी अक्षरे ताडून फरक लाल पेनाने एका कागदावर लिहून द्यावेत. दुसऱ्या बाजूला प्रसूतिगृह चालविणाऱ्या सभासदांसाठी जन्माच्या अर्जाचा एक कच्चा नमुना छापून घ्यावा: आईबापांनी आपल्या पासपोर्टवरून किंवा आधारवरून मोठ्या रोमन अक्षरांत भरायचा, खाली ‘वाचून पाहिले’ म्हणून दोघांनी सही करायची, आणि मगच त्यावरून पक्का अर्ज लिहायचा. छपाईचा खर्च फारसा येणार नाही. नमुन्यावर डॉक्टरांच्या सहीखाली त्यांचे नाव सुवाच्य लिहिण्यासाठी एक ओळ निराळी ठेवावी. आपल्या सहीवरून आपले नाव वाचता येईल अशी अपेक्षा महानगरपालिकेकडूनही करू नये.